काचेला विचारणारी बाई

कोणीही भेटलं की ती आधी डोळ्याखालची पापणी ओढायची. नमस्कार नाही, बस म्हणणं नाही. अंगठ्याने पापणी खाली ओढायची, आत पाहायची आणि म्हणायची, "पांढरं दिसून राह्यलं वं. उद्या सकाळी ये." एका लग्नात तिने नवरदेवाच्या आईची पापणी ओढलेली मी स्वतः पाहिली आहे. ती बाई रुसली, पंगतीला उठेना. दोन दिवसांनी तीच बाई दवाखान्याच्या ओट्यावर बाही वर करून बसली होती.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. शिंप्यासमोर उभं राहिलं की त्याला आपलं तोंड दिसत नाही, माप दिसतं. हिला रक्त दिसायचं.

आर्णीच्या बाजूला आमचं गाव आहे. तिथल्या सरकारी दवाखान्यात ती रक्त तपासायची. तिचं नाव मी लिहीत नाही. नावाने तिला कोणी हाक मारतही नव्हतं. गाव तिला रगतवाली बाई म्हणायचं, डॉक्टर तिला नुसतं मॅडम म्हणायचे. मी तिथे रोजंदारीवर झाडलोट करायची आणि तिच्या काचा धुवायची. मला ती मावशी म्हणायची. दवाखान्यात झाडणारीला सगळेच मावशी म्हणतात, त्यात प्रेमाचं काही नसतं.

काच म्हणजे बोटभर लांबीची पट्टी. तिच्यावर रक्ताचा थेंब फासायचा, वाळवायचा, रंग द्यायचा आणि भिंगाखाली पाहायचं. मी धुतलेली प्रत्येक काच ती खिडकीकडे धरून पाहायची. "मावशी, हे तेलाचं बोट कोणाचं? तुयं का मायं?" बोट माझंच असायचं. दवाखान्यातला टॉवेल तिला चालत नव्हता, त्याचे धागे सुटतात म्हणे. एकदा मी माझ्या जुन्या लुगड्याच्या तुकड्याने काच पुसली, तर ती तिला पटली. तेव्हापासून, "लुगडं फाटलं की मले सांगजो." माझी पाच-सहा लुगडी तरी तिच्या खोलीत संपली असतील.

मग मशीन आलं. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त घ्यायचं, मशीनला लावायचं, की कागद बाहेर. कागदावर आकडेच आकडे. डॉक्टर खूश झाले. आम्हाला वाटलं, आता काचा धुणं सुटलं. कसलं सुटतं! ती कागद वाचायची आणि तरी काच करायची.

"आता कायले काच, मॅडम? मशीननं सांगितलं ना."

"मशीननं आकडा सांगितला. तो काहून आला थे काचेले विचारू."

हे तिचं नेहमीचं. काचेले विचारू. बायांना ती असं समजवायची: "घरात भाकरी कमी पडली. कमी पडली इतकं समजून काय होते? पीठ सरलं, का चूल पेटून नाही राह्यली, थे पाहा लागते ना! पीठ असंन अन् चूल नसंन, तर तू पीठ आणून आणून मरशील." लोह कमी असलं तर रक्तातल्या पेशी लहान होतात, फिक्या पडतात, मधून पोकळ दिसतात. बी-बारा नावाचं जीवनसत्त्व कमी असलं तर पेशी उलट मोठ्या होतात, फुगतात, पण मोजायला कमी भरतात. दोन्हीत आकडा सारखाच कमी येतो. औषध मात्र वेगळं. हे मला झाडता झाडता ऐकून पाठ झालं होतं. पाठ झालेलं आपल्याला लागू पडतं असं मात्र कधी वाटलं नाही.

कापूस वेचणीच्या दिवसांत तिची खरी गंमत पाहावी. वेचणाऱ्या बायांची बोटं बोंडांच्या टोकांनी टोचून टोचून चिवट होतात. बोटाला सुई मारली तरी थेंब येत नाही. मग शिबिरात घाईघाईने बोट पिळतात. ती चिडायची. "बोट आहे का लिंबू? पिळलं की रगतासंगं अंगातलं पाणी येते. मंग आकडा खाली, अन् बाई घरी जाऊन रडते." ती चहाच्या टपरीवरून गरम पाणी आणवायची आणि प्रत्येकीच्या हातात पेला द्यायची. पेल्याला हात धरून बोटं शेकली की थेंब आपसूक यायचा. ओट्यावर दहा-बारा बाया गरम पाण्याचे पेले धरून गप्पा मारत बसलेल्या असायच्या.

"मॅडम, पेला देला तर चहा बी द्या ना!"

"चहा गोळीचा दुश्मन हाये. लोहाची गोळी चहासंगं घेतली तर पोटात गेली काय अन् नाल्यात गेली काय. लिंबाच्या पाण्यासंगं घेजा. चहा मंग दोन घंट्यानं."

"तुमी तर दिवसातून पाच खेपा पेता."

"मी कोठी गोळी खाऊन राह्यली?"

तापट होती. विसराळू नव्हती. कोणाचा आकडा मागच्या खेपेला किती होता ते तिला तोंडपाठ. लोकांच्या लेकरांची नावं विसरायची, आकडे नाही. "तू नऊ पॉइंट दोनवाली ना?" असं ती बाजारात ओरडायची. बाया लाजायच्या. माझ्या मते तिला माणसांत बसता-उठता येत नव्हतं. मलाही येत नाही, म्हणून आमचं जमलं असावं.

आता माझी गोष्ट सांगते. त्याशिवाय तिची पुरी होत नाही.

माझी सून मारेगावकडची. तिला पाचवा महिना होता तेव्हा रक्त आठ पॉइंट सहा निघालं. पेशी लहान, फिक्या. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. सिस्टरने तिच्या कार्डावर लाल खूण केली आणि सांगितलं, आकडा वाढला नाही तर रक्त चढवायला यवतमाळ, बाळंतपणही तिकडेच.

मला त्या लाल खुणेने घेरलं. मी दवाखान्यात काम करणारी. रोज दुसऱ्यांच्या सुनांना सांगणारी, गोळ्या खा, पालक खा. आणि माझ्याच सुनेचं रक्त कमी? गाव काय म्हणणार? सासू खाऊ देत नाही म्हणणार. मी तिला कधी ताटावरून उठवलं नाही. दूध तिला, तूप तिला, फळ आणलं तर तिला. पण लोकांना ताट दिसत नाही, कार्ड दिसतं.

महिन्याने पुन्हा तपासणी होती. सून सकाळपासून उलट्या करत होती. गोळ्याही बाहेर पडत असतील असं मी धरून चालले. आकडा वाढलेला असणं शक्य नाही. त्या दिवशी बाई यवतमाळला मीटिंगला गेली होती. नळ्या भरायला नवी सिस्टर होती, नेरकडची, रुजू होऊन दोन दिवस झालेली. मी दोन दिवस रजेवर होते, त्यामुळे तिने मला पाहिलेलं नव्हतं. मी सुनेचा कागद घेऊन तिच्यासमोर बसले आणि माझा हात पुढे केला.

तिने नाव वाचलं. वय वाचलं नाही. मी काही पोट पुढे काढून बसले नव्हते. पासष्टीची बाई, केस पांढरे. पण मागे वीस बायांची रांग होती. तिने रक्त काढलं, नळीवर सुनेचं नाव चिकटवलं, म्हणाली, "पुढच्या."

मला वाटलं, काम झालं. माझं रक्त चांगलं असणारच. मी पहाटे उठते, पाणी भरते, अख्खा दवाखाना झाडते. आजारी म्हणून एक दिवस पडले नाही. दम लागत होता, पण वय झालं म्हणून. पायांना मुंग्या येत होत्या, तेही वय. तिखट जिभेला झोंबायचं, तेही वयावर टाकलं होतं. वय म्हटलं की सगळं त्यात बसतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमाराला बाई आमच्या दारात उभी. इतक्या वर्षांत ती माझ्या घरी कधी आली नव्हती. पायी आली होती, धापा टाकत. हातात कागद.

"सून कोठी हाये?"

"हे काय बसली," मी म्हटलं. सून ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

बाईने तिच्या दोन्ही पापण्या ओढल्या, नखं दाबून पाहिली. "चक्कर येते?"

"नाई मॅडम."

"दम लागते?"

"आधी लागे. आता कमी हाये."

"पायाले मुंग्या?"

"मले नाई येत. आईच्या पायाले येतात. रोज मीच चेपून देते."

आई म्हणजे मी. बाई माझ्याकडे वळली. शेंगा सोलायचा आवाज तेवढा थांबला.

"मावशी, जीभ दाखव."

"मायी कायले?"

"दाखव म्हणते ना."

दाखवली. मी धुतलेल्या काचेकडे ती जशी पाहायची, तशी माझ्या जिभेकडे पाहत राहिली. जीभ गुळगुळीत, लाल झालेली होती म्हणे. मला कुठून दिसणार!

"हे रगत कोणाचं हाये?" तिने कागद पुढे केला.

"नाव लिवलं हाये ना त्याच्यावर."

"नाव मलेही वाचता येते. मांगच्या महिन्यात हिच्या पेशी लहान होत्या, पोकळ. आता काचेवर पाह्यल्या तं फुगून मोठ्या. गरोदर बाईचं महिन्याभरात पोट वाढते वं, पेशी नाही वाढत. खरं सांग. कोणाचं हाये?"

"मायं."

ती बाजेवर बसली. मला वाटलं आता शिव्या देईल. तिने पाणी मागितलं. पूर्ण तांब्या प्यायली.

"सात पॉइंट चार," ती म्हणाली. "सात पॉइंट चारवर तू दवाखाना झाडून राह्यली?"

मी रिकामा तांब्या उचलला.

"मी काच पाह्यली नसती तर काय झालं असतं माहीत हाये? डॉक्टरनं हिले उद्याच्या उद्या यवतमाळले धाडलं असतं. रगताची गरज नसलेल्या पोरीले बाटली लावली असती. अन् जिले औषध पाह्यजे थे अठी बसून लोकाच्या काचा धूत राह्यली असती. किती दिवस? सांग!"

सून माझ्याकडे पाहत होती. "आई, मायं नाव काहून सांगितलं?"

लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. म्हटलं, "लोकं म्हणतील, सासू खाऊ देत नाई."

सून शेंगांचं सूप बाजूला ठेवून म्हणाली, "खाऊ तर देता तुमी. खात तुमी नाई."

हे ऐकून बाई हसली. पहिल्यांदा मी तिला घरगुती बाईसारखं हसताना पाहिलं. मला राग आला होता, तो तसाच राहिला. कारण सून खरं बोलत होती. नवरा गेल्यावर मी माळ घातली, तेव्हापासून मटण-अंडी बंद. दूध घरात येतं ते इतरांसाठी. माझं जेवण भाकरी, चटणी आणि काळा चहा. बी-बारा कुठून येणार!

दुसऱ्या दिवशी तिने आम्हा दोघींना शेजारी शेजारी बसवलं आणि स्वतः रक्त काढलं. सुनेचं नऊ पॉइंट चार निघालं. म्हणजे वाढलं होतं. उलट्या होत असूनही पोरीने गोळ्या नेमाने घेतल्या होत्या, लिंबाच्या पाण्याबरोबर. मी केलेल्या लबाडीची गरजच नव्हती. बाईने ते मला तोंडावर सांगितलं, दोनदा.

वहीत मात्र तिने आदल्या नोंदीवर एक रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, 'नमुना चुकीचा, पुन्हा घेतला.' खाली सही. डॉक्टरांनी विचारलं, चूक कोणाची? ती म्हणाली, "खोली मायी हाये सर. मायी समजा." नव्या सिस्टरचं नाव घेतलं नाही, माझंही नाही. मला ते झेपलं नाही. दुपारी मी सिस्टरकडे गेले आणि काय केलं ते सांगितलं. ती बिचारी आधीच घाबरलेली होती, रडायलाच लागली. मी म्हटलं, "रडतेस कायले? नाव वाचलं तसं वयही वाचत जाय." एवढंच मला सुचलं.

बाईने माझी एक नळी यवतमाळला बी-बारा मोजायला पाठवली. सिकल सेल या रक्ताच्या आजाराचीही चाचणी केली. आमच्या भागात ती सगळ्यांचीच करतात. नळीमागे रेघा काढलेला कागद धरायचा, रेघा स्पष्ट दिसल्या म्हणजे ठीक. माझ्या दिसल्या. मग डॉक्टरांनी इंजेक्शनं लिहून दिली. मी म्हटलं, "मायी माळ हाये. अंडं सांगसाल तर खाणार नाई."

डॉक्टर बोलायच्या आत बाई म्हणाली, "माळ राहू दे. इंजेक्शनले माळ चालते. पण रोज वाटीभर दही खाजो, अन् सुनेच्या समोर खाजो. तुह्या एकटीच्या बोलण्यावर माया भरोसा नाही राह्यला."

त्या दिवसापासून सून माझ्यासमोर दह्याची वाटी ठेवून उभी राहायची. मी संपवेपर्यंत हलायची नाही. म्हातारपणी मला एक मास्तरीण मिळाली.

सात दिवसांनी बाईने पुन्हा रक्त घेतलं. या वेळी निळा रंग घालून काच केली. नव्याने तयार झालेल्या पेशीत निळ्या रेघा दिसतात, औषध लागू पडलं की अशा पेशी भराभर येतात, असं तिने सांगितलं होतं. मी बाहेर ओटा पुसत होते. आतून आरोळी आली, "आल्या! मावशी, आल्या!" ओट्यावरच्या बायांना वाटलं तपासणीला जिल्ह्याच्या मोठ्या मॅडम आल्या. सगळ्यांनी पदर सावरले, एकीने लेकराचं नाक पुसलं.

"ये पाह्य," ती दारातून म्हणाली. "भिंगात पाह्य, कशा उतू जाऊन राह्यल्या."

"मले ओटा पुसायचा हाये."

खरं म्हणजे मला भीती वाटत होती. इतक्या वर्षांत हजारो काचा धुतल्या, पण भिंगात कधी डोकावले नव्हते. त्यात आता स्वतःचंच रक्त. नको वाटलं.

महिन्याभरात जिभेची आग गेली. पायांच्या मुंग्या जायला जास्त दिवस लागले. झाडताना मधे खराट्यावर टेकून उभं राहावं लागायचं, ते सुटलं. सुनेचा आकडा दहा पॉइंट आठपर्यंत गेला. मी म्हटलं, आता बाळंतपण इथेच करू. बाई म्हणाली, "आकडा चांगला हाये म्हणून मस्ती नको. यवतमाळलेच जाय. रगत लागलं तर तठी भेटते, अठी नाही." गेलो. रक्त लागलं नाही. मुलगी झाली. गावाने काही म्हटलं असेल तर माझ्या कानावर आलं नाही, आणि खरं सांगायचं तर तोवर मी विचारायचं सोडलं होतं. उलट गरोदर बायांच्या तपासणीच्या दिवशी कोणी सासू सुनेला टाकून बोलू लागली की मीच म्हणते, "मायं सुनेपेक्षा कमी निघालं होतं. तुमी बी बाही वर करा." दोन सासवांचं कमी निघालं. एकीचं चांगलं निघालं, ती आठवडाभर गावात मिरवली.

सून बाळंत होऊन महिना झाला आणि बाईची निवृत्ती आली. डॉक्टरांनी व्हरांड्यात खुर्च्या मांडल्या. हार आणला, शाल-नारळ आणला, फरसाण आणलं. ओट्यावर बाया जमल्या, नऊ पॉइंट दोनवालीही आली होती. बाईचा पत्ता नाही. डॉक्टरांनी मला तिला बोलवायला पाठवलं.

ती खोलीत भिंगाला डोळा लावून बसली होती. सकाळी तिने माझं रक्त घेतलं होतं, शेवटचं म्हणून.

"बाहेर सगळे थांबले, मॅडम."

"बाराच्या वर आला तुया आकडा."

"बरं. चला."

"बस अठी." ती उठली आणि मला तिच्या स्टुलावर बसवलं. त्या स्टुलावर ती डॉक्टरांनाही बसू देत नसे. "आज नाही म्हणू नको. एक डोळा मीट. हलू नको."

मी डोळा लावला. आधी नुसता उजेड दिसला. मग तिने मागून हात घालून काहीतरी फिरवलं आणि सगळं एकदम स्वच्छ झालं. गुलाबी, गोल, एकसारख्या. एक मोठी एक लहान असं नाही. सुपात निवडून पसरलेल्या डाळीसारख्या शेजारी शेजारी पसरलेल्या. मधेच एखादी जांभळी, मोठी. इतकी वर्षं मी हेच धुऊन टाकत होते.

"ह्या सगळ्या माया?" मी विचारलं.

"तुयाच," ती म्हणाली. "पाह्य निवांत."

मी पाहत राहिले. किती वेळ, ते सांगता येणार नाही. मागे पिशवीची चेन ओढल्याचा आवाज आला, पण मला वाटलं ती काचा आवरत असेल. डोळा काढला तेव्हा खोलीत कोणी नव्हतं. मागचं दार उघडं होतं.

डॉक्टर हार घेऊन दारात आले. "मावशी, मॅडम कुठे आहेत?"

रस्त्यावर आर्णीच्या गाडीने हॉर्न दिला. मी म्हटलं, "गेल्या. तुमी फरसाण वाटून घ्या."